वरचा कापूस

१ जानेवारी २०२६, गुरुवार

नवी डायरी. दरवर्षीप्रमाणे जिनिंग मिलचीच. या वेळी नौशाद घरी आणून देऊन गेला, कारण मी सध्या मिलमध्ये जात नाही. जात नाही म्हणजे जायची गरज नाही. दसऱ्यानंतर शेठने कापसाचा ओलावा मोजायचं मशीन आणलं आणि मला म्हणाले, भगवंतराव, सत्तावीस वर्षं ग्रेडिंग केलं, या सीझनला आराम करा, गरज लागली की बोलावतो. मोठ्या कंपन्यांमध्ये याला कन्सल्टंट म्हणतात.

मशीन चालवतो कोण, तर हाच नौशाद. मागच्या वर्षीपर्यंत वजनकाट्यावर बसायचा आणि मला विचारल्याशिवाय ट्रॅक्टर आत घ्यायचा नाही. संक्रांतीपर्यंत मशीन बंद पडणार. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

यंदाचे संकल्प. पहाटे पाचला उठणे (सध्या ३.४० लाच जाग येते, म्हणजे हा आधीच पूर्ण). चिडायचं नाही. दर रविवारी लेकीला, अर्पिताला, जळगावला फोन. रोज डायरी.

दुपारी कुकरच्या शिट्यांवरून बायकोशी, सुवर्णाशी, वाद. दोन शिट्यांत होणाऱ्या वरणाला तिसरी कशाला? चिडायचं नाही हा संकल्प उद्यापासून.

२ जानेवारी, शुक्रवार

सकाळी फिरायला गेलो. फिरत फिरत मिलच्या गेटसमोर आलो, योगायोगाने. समोरच्या टपरीजवळ उभा राहिलो. नऊ ते बारा. नौशाद मशीनची सळई कापसात खुपसतो, आकडा बघतो, हात हलवतो, गाडी आत. कापसाला बोट लावत नाही. बघवत नव्हतं म्हणून तीन तास बघितलं.

जेवण नको म्हटलं. डाएट.

३ जानेवारी, शनिवार

सुवर्णाला नवं काम आलंय. ती आमच्या वॉर्डाची आशा सेविका आहे, तिची वही आणि पिशवी कायम दाराला अडकवलेली. आता पुरुषांमधलं डिप्रेशन शोधायचं. तिशीच्या वरचे चाळीस पुरुष, प्रत्येकाला नऊ प्रश्न. दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, असलं. उत्तरं चार: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, रोज. शून्य ते तीन मार्क. ३१ जानेवारीपर्यंत द्यायचे. चाळिसात माझंही नाव आहे, वॉर्ड तोच ना.

बिचारी वैतागली आहे. पुरुष तिला सांगतात, मस्त चाललंय. एकाने तर दाराआडून स्वतःच सांगितलं की तो घरी नाही.

मी म्हटलं, दे इकडे, माणसं ओळखण्यात माझा हात कोण धरणार. तर म्हणे, तुमाले काय त्यातलं समजते, हे कोनाचं कोनाले सांगा लागत नाही. सत्तावीस वर्षं ग्रेडिंग केलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. शेतकरी गाडीत वर पांढराशुभ्र कापूस लावतो आणि खाली फरदड, म्हणजे शेवटच्या वेचणीचा भिकार माल, तोही पाणी मारलेला. वरचा कापूस बघून भाव करतो तो ग्रेडर नव्हे. मोताळ्याचा एक टेम्पो आला होता, वरून नुसतं लोणी. सगळे म्हणाले घ्या. मी खांद्यापर्यंत हात घातला आणि खालून ओला गोळा बाहेर काढला. ड्रायव्हर पाया पडला. अजून लोक ती गोष्ट सांगतात. आता कमी सांगतात.

४ जानेवारी, रविवार

सुवर्णा दोन दिवसांसाठी जानेफळला गेली. तिच्या आईला, वच्छलाबाईंना, पडसं झालंय. पिशवी दारालाच. तिचं ओझं हलकं करावं म्हणून फॉर्म काढले.

सुरुवात स्वतःपासून. शून्य, शून्य, शून्य. आठ प्रश्न एका मिनिटात. नववा वाचला. जगण्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटतं का, असं सरळ छापलंय. घरोघर फिरून बाईमाणसाने विचारायचा प्रश्न आहे का हा? पेन अडलं. तो राहू दिला.

मग ओट्यावर खुर्ची टाकून बसलो आणि येणारे-जाणारे बघत बाकीचे एकोणचाळीस भरले. दुपारी दोनला काम खलास. फळवाला कलीम तीन दिवस गालावर हात ठेवून बसलाय: एकवीस मार्क. बँकेसमोरचा चौकीदार दिवसा झोपतो: झोपेला तीन. बाकी सगळे हसतखेळत: शून्य. नवव्याला सगळ्यांना शून्य, वॉर्डाची बदनामी नको. समासात ग्रेडही टाकली, ए, बी, फरदड. वाचणाऱ्याला सोपं जातं.

अर्पिताला फोन राहिला. रेंज नव्हती. तिचेच दोन येऊन गेले.

६ जानेवारी, मंगळवार

मदतीची किंमत नसलेली बाई. फॉर्म बघून पिशवी जमिनीवर आपटली. म्हणे, हे काय करून ठेवलं तुमी, लोकाले इचारलं तरी काय? मी म्हटलं, विचारून कोण खरं सांगतो. तर म्हणे, तुमी कापूस पाह्यता का मानसं? चौकीदार रात्री ड्युटी करतो हो, दिवसा झोपन नाही तं काय करन? हा मुद्दा बारीक होता.

एकोणचाळीस फॉर्म फाडले. माझा तेवढा ठेवला. म्हणजे तो तरी बरोबर भरलेला असणार.

नंतर तो पुन्हा खालपर्यंत वाचला. मग विचारलं, इथं नवव्याले काऊन काही लिहिलं नाही? मी म्हटलं, पेन संपलं होतं. ती म्हणाली, मंग बाकीचे एकोनचाळीस कायनं भरले? मी म्हटलं, कुकर बघ, शिटी होतेय. कुकर लावलेला नव्हता.

८ जानेवारी, गुरुवार

सुवर्णाच्या ट्रेनिंगचा एक कागद हाती लागला. पुरुषांमध्ये हा आजार कसा दिसतो, ते लिहिलंय. पुरुष रडत नाहीत, चिडतात. पाठ दुखते, डोकं दुखतं म्हणतात. पहाटे जाग येते. जुने छंद सुटतात, माणसं टाळतात, विचारलं की विषय बदलतात. वाचता वाचता अंगावर काटा आला. हुबेहूब शकील.

शकील माझा चौथीपासूनचा दोस्त. स्टेशन रोडला मोटार वाइंडिंगचं दुकान, जळालेले पंप दुरुस्त करतो. वर्षभरापासून तो बदललाय. मागच्या उन्हाळ्यात महिनाभर दुकानात शून्यात बघत बसायचा, मी समोर बसून बोलायचो तर धड हूं नाही. मी समजलो भाव खातोय, बोलणंच कमी केलं. आता संध्याकाळी पाचनंतर चहा पीत नाही. सकाळी एकटाच रेल्वे फाटकापर्यंत चालत जातो. आणि आज गुरुवार, बाजाराचा दिवस नाही, सण नाही, तरी दुकानाला कुलूप. हुस्नबानो भाभीला विचारलं तर म्हणाल्या, काम से गए हैं. कुठे, ते नाही सांगितलं.

दोस्त बुडतोय आणि कोणाला पत्ता नाही. आपणच बघायला पाहिजे.

११ जानेवारी, रविवार. पहाटे ३.४०

अभ्यासाला ही वेळ उत्तम. शकीलची लक्षणं वेगळ्या पानावर लिहायला घेतली. पान कोरंच राहिलं, थंडीने बोटं चालत नाहीत.

दुपारी अर्पिताचा फोन. वाजू दिला. बोलायचं म्हणजे कसे आहात विचारणार, मग सांगत बसा. पुढच्या रविवारी नीट वेळ काढून करू.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

मशीन चालू आहे.

तिळगूळ घेऊन कलीमकडे गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो, एकवीस मार्कांचा माणूस. त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, मन मोकळं कर. तो म्हणाला, काय मोकळं करू भाऊ, दाढ होती, काल काढली. वर तिळगूळही घेतला नाही, डॉक्टरने गोड बंद केलंय म्हणे. गिऱ्हाइकांसमोर हसला. मला राग आला. दाढ दुखते तर माणसाने तसं तोंड करावं.

घरी येऊन झोपलो. उठलो तेव्हा सुवर्णा सगळ्यांकडे जाऊन आली होती. आज तिने सहा फॉर्म खरे भरले. म्हणे, सरळ इचारलं तं कोनी सांगत नाही, आधी पाठीचं इचारा लागते, मंग झोपीचं, मंग राग येते काय ते. मंग बोलतात. एकजण तं अर्धा तास बोलला. मी म्हटलं, मला काऊन सांगतेस? ती म्हणाली, असंच. तुमची पाठ कशी हाये? मी म्हटलं, गादी खराब झालीय, पाठीला काय झालं.

१६ जानेवारी, शुक्रवार. रात्री ८

निरीक्षण. शकीलच्या दुकानात बसलो होतो. बरोबर आठला त्याच्या मोबाइलचा गजर झाला. तांब्याच्या तारेच्या डब्यातून त्याने पाकीट काढलं, एक गोळी घेतली, वर पाणी. मला बघून लपवलंसुद्धा नाही. विचारलं कसली, तर म्हणाला, ताकदीची. चौथीपासून हा खोटं बोलताना कान खाजवतो. आज कान खाजवला.

१९ जानेवारी, सोमवार

पँट ढिली झालीय. टेलरने मापात घोटाळा केला, चार वर्षांपूर्वी. बेल्टला खिळ्याने नवं भोक पाडलं.

आंघोळ उद्या. पाणी फार थंड.

सकाळचं फिरणं बंद केलं. गेटसमोरचा टपरीवाला म्हणाला, साहेब, रोज येऊन राह्यले, आत काऊन नाही जात? लोकांना चांभारचौकशा फार.

२२ जानेवारी, गुरुवार

आज पकडलाच. शकीलच्या दुकानाला पुन्हा कुलूप. मी बसस्टँडवर आधीच हजर. सव्वाआठच्या खामगावच्या गाडीत तो चढला, हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. मी मागच्या दाराने चढणार होतो, पण गर्दीत कोणी ओळखीचं भेटलं तर बोलत बसावं लागेल म्हणून नाही चढलो. स्टँडवरच बसून राहिलो.

तीनच्या गाडीने तो परत आला. डझनभर केळी घेऊन, शिटी वाजवत. मला बाकावर बघून थांबला. म्हणाला, तू सकायपासून इथंच काय बे? मी म्हटलं, एका माणसाची वाट बघत होतो. त्याने दोन केळी दिली आणि शेजारी बसला. कुठे गेला होता ते सांगितलं नाही. हेसुद्धा लक्षणच आहे.

२५ जानेवारी, रविवार

शकीलचा फॉर्म पूर्ण केला. एकोणीस. चढते मार्क लावले नाहीत, उलट दोस्त म्हणून हात आखडूनच दिले.

दुकानात जाऊन सरळ सांगितलं. म्हटलं, शकील, तुला डिप्रेशन आहे, एकोणीस मार्कांचं, लाजू नकोस, मी आहे. तो मोठ्याने हसला. इतका हसला की मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे बघायला लागलं. मग हातातली तार खाली ठेवली आणि म्हणाला, भगवंता, तू झोपतो काय बे? मी म्हटलं, विषय बदलू नको. कागदात लिहिलंच होतं, विषय बदलतात.

एका माणसाचं भलं करायला जावं आणि त्याने हसावं. यापुढे कोणाचं भलं करायचं नाही. फोन राहिला. अर्पिताचे आज चार.

२६ जानेवारी, सोमवार

मिलमध्ये झेंड्याच्या गाठीत फुलं मी बांधतो. सत्तावीस वर्षं. गाठ अशी बांधायची की दोरी ओढली की एका झटक्यात सुटली पाहिजे.

कोणी बोलावलं नाही. विसरले असतील. दिवसभर पडून होतो.

संध्याकाळी सुवर्णाने सांगितलं, झेंडा वर जाऊन अडकला होता, नौशादला शिडी लावावी लागली. मला आनंद व्हायला हवा होता.

२७ जानेवारी, मंगळवार

आज मशीन बंद पडलं.

अकराला नौशाद मोटारसायकलवर घरी. घामाघूम. म्हणाला, चाचा, चला, मशीन एरर दाखवून राह्यलं, वीस ट्रॅक्टर उभे हायेत, शेठनं खास तुम्हालेच बोलावलं. वीस ट्रॅक्टर. एक तारखेला मी लिहून ठेवलं होतं, पान उघडून बघावं. संक्रांत चुकली, तेरा दिवसांनी.

मी म्हटलं, आलोच. आत गेलो. पँट घातली. बेल्ट. पलंगावर बसून एक मोजा घातला. दुसरा हातात होता.

किती वेळ झाला माहीत नाही. नौशादने दोनदा हॉर्न वाजवला. मला ट्रॅक्टर दिसत होते, कापूस दिसत होता, हात कुठे घालायचा तेही माहीत होतं. पाय जमिनीवर होते. उठायचंच होतं फक्त. मग सुवर्णा आत आली, माझ्याकडे बघितलं, बाहेर जाऊन नौशादला म्हणाली, त्यायची पाठ धरली, तुमी जा. तिला हे खोटं बोलायला मी सांगितलं नव्हतं.

दोनला कळलं, मशीन सुरू झालं. वायर सैल होती.

गादी बदलायला पाहिजे.

२८ जानेवारी, बुधवार

काही नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

शकील घरी आला. दुकान भर दुपारी बंद करून. ओट्यावर बसला, मीही बसलो. सुवर्णाने चहा ठेवला आणि आत गेली, एरवी ती आमच्यात बसते. काहीतरी आधीच ठरलेलं असावं असा वास येत होता, पण माझं डोकं सध्या चालत नाही.

त्याने नौशादचं, मशीनचं काही विचारलं नाही. म्हणाला, तुह्यं बरोबर हाये भगवंता. त्या एकोनीस मार्काचं. मी येत्या गुरुवारी खामगावच्या सरकारी दवाखान्यात जाऊन राह्यलो, पण एकट्याले जीवावर येते. तू चालतो काय सोबत?

शेवटी वळला. मी म्हटलं, अरे, दोस्त कशासाठी असतात. महिनाभरात पहिल्यांदा बरं वाटलं, साधारण दहा मिनिटं.

३१ जानेवारी, शनिवार

सुवर्णाने फॉर्म जमा केले. एकोणचाळीस. तिच्या मॅडमनी विचारलं, एक कमी कसा? ती म्हणाली, तो आनखी भरून राह्यली. मॅडमनी आठ दिवस दिले.

चाळिसातल्या पाच जणांना तिने दवाखान्यात पाठवलं. नावं सांगत नाही. एवढंच म्हणाली, तुमी ज्यायले शून्य देले होते, त्यायच्यातलेच हायेत पाची.

४ फेब्रुवारी, बुधवार. पहाटे ३.४०

उद्या शकीलला न्यायचं. डॉक्टरांना काय सांगायचं त्याची तयारी: लक्षणं, गोळी, गुरुवार, चहा, फाटकापर्यंत चालणं. तो लाजेल, आपणच बोलावं लागेल.

पंखा बंद आहे. थंडीत बंदच असतो. तरी रोज त्याच्याकडेच बघतो. कशाला लिहितोय हे. खोडायचं राहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सव्वाआठची गाडी. शकीलने खिडकी घेतली. मी त्याला धीर देत होतो तेव्हा तो बाहेर बघत म्हणाला, मागच्या उन्हाळ्यात वीस दिवस एक मोटार उघडून तिच्यासमोर बसून होतो बे, तारेचा एक वेढा टाकला नाही. हुस्नबानोनं हात धरून नेलं मले. तू रोज येत होता, समोर बसत होता, कापसाचंच सांगत होता. मले वाटे, हा इचारन. तू मले म्हने भाव खाऊन राह्यला.

म्हणजे मागच्या उन्हाळ्यापासून त्याचं औषध चालू आहे. चहा बंद, सकाळचं चालणं, गोळी, गुरुवार, हे सगळं आजाराचं नव्हतं, बरं होण्याचं होतं. मी उलटं वाचलं. मलाही बाहेर बघत बसायचं होतं, पण खिडकी त्याची होती. फार वाईट वाटलं. माफी मागायची होती, तोपर्यंत खामगाव आलं.

दवाखान्यात शकील रांगेत उभा राहिला आणि एक नवा केसपेपर घेऊन आला. मी म्हटलं, तुझा जुना आहे ना, मग नवा कशाला? तो म्हणाला, हा तुह्या नावाचा हाये. वर माझं पूर्ण नाव, वय चौपन्न, सगळं बरोबर. मी रागावलो. म्हटलं, फसवणूक आहे ही. शेजारी बसलेल्या बाईने पोराला मांडीवर ओढून घेतलं. शकील म्हणाला, जा घरी, तीनची गाडी हाये. मंग मी पन नाही दाखवत. आणि पिशवीतले कागद माझ्या हातात देऊन बाकावर हाताची घडी घालून बसला. चौथीपासून हट्टी. त्याचं नुकसान नको म्हणून मी आत गेलो, फक्त त्यासाठी.

डॉक्टरबाई तरुण, स्वेटर घातलेल्या. त्यांनी फॉर्म काढलाच नाही. झोप कशी आहे विचारलं, मी म्हटलं उत्तम. भूक? उत्तम. राग येतो का? नाही. मग म्हणाल्या, सकाळी जाग किती वाजता येते? मी म्हटलं, ३.४०. त्यांनी विचारलं, तेव्हा काय बघता? मी म्हटलं, पंखा. बाईंनी पेन खाली ठेवलं.

कधीपासून, विचारलं. दसऱ्यापासून. मग मिलचं सांगितलं, मशीनचं, झेंड्याच्या गाठीचं, मोज्याचं. मोज्याचं सांगायचं नव्हतं. मोताळ्याच्या टेम्पोचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, हात कुठपर्यंत घातला होता? मी खांद्यावर बोट ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, आणि आता मला काय दाखवताय?

उत्तर ग्रेडरला माहीत होतं: वरचा कापूस.

मग नववा प्रश्न. फॉर्मसारखाच सरळ विचारला, आवाज खाली न आणता. मी लगेच नाही म्हटलं नाही. त्या थांबल्या. शेतकरी म्हणतो साहेब, खालीवर सगळा सारखाच माल आहे, तेव्हा मी असाच थांबतो, काही न बोलता. शेवटी मी सांगितलं. काय ते इथे लिहीत नाही, त्यांना सांगितलंय, आणि त्यांनी घरी सुवर्णालाही सांगायला लावलंय, तेही सांगून झालंय. रडलो नाही. नाक वाहत होतं, आत थंडी होती.

शेवटी बाईंनी बेरीज केली, अठरा मार्क. शकीलचे आज चार आले. मी त्याला एकोणीस दिले होते. पंधरा मार्कांची चूक. सत्तावीस वर्षांत इतका चुकलो नव्हतो, आणि ज्या मालाला शून्य दिलं होतं तो तर घरचाच निघाला.

गोळी रात्री आठला. शकीलच्याच वेळेला. पुढची तारीख १९, गुरुवार, तीही त्याचीच. बाई म्हणाल्या, लगेच फरक दिसणार नाही, आठवडे लागतील, तरी यायचं. येताना शकीलने केळी घेतली. मी म्हटलं, १९ ला खिडकी माझी. तो म्हणाला, पाहू.

संध्याकाळी अर्पिताचा फोन आला. उचलला. कसे आहात विचारलं. मी म्हटलं, पाठ दुखते. मग म्हटलं, पाठ नाही दुखत. ती रविवारी येतेय.

जेवण झाल्यावर सुवर्णाने पिशवीतून माझा जानेवारीचा फॉर्म काढला. महिनाभर जपून ठेवला होता, घडीही पडू दिली नाही. आठ शून्यं आणि खाली रिकामी ओळ. समोर ठेवला आणि पेन दिलं. आठ शून्यांचं उद्या बघू म्हटलं. ती हो म्हणाली, पण उठली नाही.

नवव्या ओळीत "काही दिवस" वर खूण केली. पेन नीट चाललं. तेच पेन होतं.